बलुतेदारी आणि श्रमविभाजनाचे सिद्धांत

बलुतेदारी : गावाला लागणारी कारागिरी व सेवा वंशपरंपरेने करणाऱ्या जातींना शेतकऱ्यांनी सुगीच्या वेळी धान्याचा ठराविक वाटा देण्याची महाराष्ट्रातील पद्धती. ह्या वाट्यास बलुते व तो घेणाऱ्यास बलुतेदार म्हणत. श्रमविभाजन, सामाजिक ऐक्य, दर्जा व करार ह्या अभिजात समाजशास्त्रातील संकल्पना कोठवर लागू पडतात, हे पाहण्यास ही पद्धती विशेष उपयुक्त ठरते.

बारा बलुतेदारांच्या यादीत प्रदेशपरत्वे फरक आढळतो. तथापि सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी व मुलाणा ही नावे बहुतेक याद्यांत येतात. थोरली, मधली व धाकटी अशा ओळी मानून वाट्याचे प्रमाण कमीअधिक ठरे. कामागणिक मोबदला नसे. वर्षभराच्या कामाचे बलुते खळ्यावर मिळे. काहींना वतनी जमीन व सणावारी मानपानही असे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी गावगाडा (१९१५) ह्या ग्रंथात ह्या व्यवस्थेची, विशेषतः तिच्यामुळे शेतकऱ्यावर पडणाऱ्या बोजाची, तपशीलवार चिकित्सा केली आहे.

हेन्री मेन ह्यांनी १८६१ मध्ये प्रगतिशील समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे होते, असा सिद्धांत मांडला. बलुतेदाराचे काम जन्माने ठरत असल्याने ते दर्जाच्या बाजूस पडते. कार्ल मार्क्स ह्यांनी भांडवल ह्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) सबंध गावाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या कारागिरांचा व सेवकांचा उल्लेख करून भारतीय ग्रामाच्या स्थैर्याचे कारण ह्या अचल श्रमविभाजनात शोधले. विल्यम वायझर ह्यांनी १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातील एका गावाच्या आधारे जजमानी पद्धतीचे वर्णन केले. तीत सेवकाचा संबंध विशिष्ट कुटुंबांशी असतो. महाराष्ट्रातील बलुतेदार मात्र सबंध गावाचा नोकर होता, असे हिरोशी फुकाझावा ह्यांनी अठराव्या शतकातील कागदपत्रांवरून १९७२ मध्ये दाखविले. ह्यासाठी त्यांनी माक्स वेबर ह्यांच्या ग्रामसेवी कारागिरीच्या संकल्पनेचा आधार घेतला.

एमील द्यूरकेम ह्यांच्या मते (१८९३) साध्या समाजाचे ऐक्य सारखेपणावर म्हणजे यांत्रिक, तर प्रगत समाजाचे ऐक्य परस्परावलंबनावर म्हणजे जैविक असते. बलुतेदारी ह्या दोहोंत सहज बसत नाही. तीत परस्परावलंबन पूर्ण होते. परंतु काम निवडण्याची वा सोडण्याची मोकळीक नव्हती. व्यक्तीच्या गुणांशी न जुळणारे काम जेथे लादले जाते, त्या अवस्थेस द्यूरकेम ह्यांनीच सक्तीचे श्रमविभाजन म्हटले असून ती ऐक्यास बाधक मानली आहे.

ह्या सक्तीची सर्वाधिक झळ अस्पृश्य मानलेल्या जातींना लागली. महार वतनदारास अपुऱ्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात सरकारी व गावकीची कामे वेळी-अवेळी करावी लागत. काम नाकारल्यास बलुते बंद होण्याची भीती असे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी होय, हा त्यांनी १९३६ मध्ये मांडलेला विचार अभिजात सिद्धांतातील उणीव नेमकी दाखवितो. श्रमाची विभागणी माणसांना जोडू शकते. श्रमिकांची उच्चनीच विभागणी त्यांना एकमेकांवर अवलंबून ठेवूनही अलग राखते.

रोख वेतन, यंत्रनिर्मित वस्तू व स्थलांतर ह्यांमुळे बलुतेदारी क्षीण झाली. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट करण्यात आली. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या ठिकाणी कारखाने उभे राहिले आणि तेथील कामगाराचा संबंध गावाऐवजी मालकाशी व वेतनाशी आला. मेन ह्यांच्या परिभाषेत हे कराराकडे झालेले स्थित्यंतर होय. मात्र बलुते बंद झाले, तरी त्याबरोबर आलेली सामाजिक अंतरे आपोआप मिटत नाहीत. दया पवार ह्यांच्या बलुतं (१९७८) ह्या आत्मकथनाच्या शीर्षकात ह्या शब्दाने वाट्यास आलेल्या दुःखाचा अर्थ धारण केला, हे ह्या दृष्टीने सूचक आहे.