शंखवाळकर, ब्रह्मानंद

(६ मार्च १९५४ – ). भारताचे माजी फुटबॉल गोलरक्षक व कर्णधार. जन्म गोव्यातील ताळगाव येथे. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते; भारतीय स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवूनच खेळायला लागलेल्या पहिल्या गोमंतकीय पिढीतले ते खेळाडू होत.

क्लब कारकीर्द : १९७१ मध्ये गोव्यातील पणवेल स्पोर्ट्स क्लबकडून आरंभ. १९७४ पासून साळगावकर क्लबकडे. तेथे दीड दशकाहून अधिक काळ. अखेरच्या वर्षांत चर्चिल ब्रदर्स व अँडरसन मरिनर्स. १९९० नंतरही काही हंगाम, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत, ते गोलजाळ्यापुढे उभे होते.

साळगावकर (स्थापना १९५६) हा खाण उद्योगातील घराण्याने उभा केलेला संघ. धेंपो, सेझा गोवा हेही त्याच उद्योगाच्या आधाराने वाढले. त्या काळी देशातला फुटबॉलचा पैसा, प्रेक्षक आणि वृत्तपत्रांतली जागा मुख्यतः कलकत्त्यात होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मोहमेडन स्पोर्टिंगच्या जर्सीत दोन हंगाम काढल्याखेरीज खेळाडूचे नाव देशभर होत नसे. शंखवाळकरांची सर्व कारकीर्द गोव्यातल्या क्लबांत झाली, आणि तरीही ते भारताचे कर्णधार झाले. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत वजनदार बाब मानावी लागेल. साळगावकरने १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. हा मान मिळवणारा तो गोव्यातला पहिला क्लब.

संतोष करंडक : १९४१ मध्ये सुरू झालेल्या या राष्ट्रीय स्पर्धेत १९८२-८३ च्या हंगामात गोवा व बंगाल यांचा कलकत्त्यातील अंतिम सामना गोलशून्य राहिला, पुन्हा खेळवला, तोही गोलशून्य. दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. पुढच्या हंगामात, मद्रास येथे, शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोव्याने पंजाबला १-० असे हरवून प्रथमच करंडक एकट्याने जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

गोलरक्षकाच्या नोंदीत गोलांची बेरीज नसते. झालेले गोल तेवढे लोकांच्या लक्षात राहतात, अडवलेले त्याच संध्याकाळी विसरले जातात. म्हणून मद्रासच्या स्पर्धेतले हे शून्य ठळकपणे नोंदवले पाहिजे. ते एकट्याचे नव्हे, बचावफळीचेही आहे; परंतु कर्णधारच गोलरक्षक असला की बचावफळीची मांडणी पाठीमागून, आवाजाने, क्षणाक्षणाला होत असते.

त्या काळचे गोलरक्षण : आजच्या वाचकाला नियमांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येत असे. ही मुभा १९९२ मध्ये गेली. उलट, चेंडू हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नसे. आज गोलरक्षकाकडून आक्रमण उभारण्याची, पायाने अचूक पास देण्याची अपेक्षा असते. तेव्हा त्याची पारख झेलावरून होई : कॉर्नरला गर्दीत उडी घेऊन चेंडू दोन्ही हातांत घ्यायचा की ठोसा मारून लांब घालवायचा, हा निर्णय निमिषात करायचा. गोव्यातली मुले पीक कापल्यावर मोकळ्या झालेल्या भातशेतांत आणि जांभ्याच्या कडक मैदानांवर खेळत. अशा जमिनीवर सूर मारणारा कोपरे-गुडघे सोलून घेतो, म्हणून तो आधी जागा धरायला शिकतो. सूर हा त्याचा शेवटचा उपाय असतो. योग्य जागी उभा असलेला गोलरक्षक प्रेक्षकांना फारसे काही करताना दिसत नाही. भारतीय क्रीडालेखनाने या कौशल्याला पुरेसे मोल दिलेले नाही.

आंतरराष्ट्रीय : सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत भारतीय संघात; १९८३ ते १९८६ कर्णधार. समकालीन गोलरक्षकांत भास्कर गांगुली (१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील कर्णधार) व अतनू भट्टाचार्य हे बंगालचे. तिघांत श्रेष्ठ कोण, याचे उत्तर गोव्यात व कलकत्त्यात वेगवेगळे मिळते.

तुलनेसाठी स्पेनचे लुईस आर्कोनाडा पाहावेत. जन्म त्याच वर्षी, १९५४ मध्ये. तेही गोलरक्षक व देशाचे कर्णधार. माद्रिद-बार्सिलोनाकडे न जाता ते सान सेबास्तियनच्या रेआल सोसिएदादमध्येच राहिले आणि १९८१ व १९८२ मध्ये त्या क्लबला लीग विजेतेपद मिळाले. सर्वांत कमी सरासरीने गोल देणाऱ्या गोलरक्षकाचा सामोरा पुरस्कार त्यांनी सलग तीनदा पटकावला. तरी जगाच्या स्मरणात राहिली ती १९८४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील, पॅरिसमधली, प्लातिनीची फ्री किक. पकडलेला चेंडू त्यांच्या अंगाखालून निसटून गोलरेषेपार गेला. एका चेंडूवरून अख्खी कारकीर्द मोजण्याचा हा अन्याय गोलरक्षकांच्याच वाट्याला येतो.

सन्मान : अर्जुन पुरस्कार (१९९७), पद्मश्री (२०२२). फुटबॉलमध्ये पद्मश्री प्रथम मिळाली ती गोष्ठ पाल यांना, १९६२ मध्ये.

निवृत्तीनंतर : गोलरक्षकांचे प्रशिक्षण, गोवा फुटबॉल विकास परिषदेवर काम.

पुढील पिढीतील गोमंतकीय गोलरक्षकांत लक्ष्मीकांत कट्टीमनी उल्लेखनीय. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात हैदराबादकडून खेळताना त्यांनी केरळ ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या.