प्रस्तावना : उन्हातली मुले, त्यांची हाडे

वाढवणच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत पावसाळा सोडला तर उन्हाला तोटा नाही. अशा मुलुखात मुलांच्या हाडांचा आणि ड जीवनसत्त्वाचा अभ्यास कशासाठी, असे या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्याला वाटेल. हा प्रश्न मनात घेऊनच या विषयात यावे. त्याचे उत्तर शोधतानाच हे शास्त्र वाढले आहे.

1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार, झालेली मुले अतिनील दिव्याच्या प्रकाशाने बरी करून दाखवली. 1922 मध्ये हचिसन आणि शहा यांचा मुडदुसाच्या कारणांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यामागची निरीक्षणे आपल्या नाशिकची होती. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस दिसत नव्हता, पण पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत तो आढळत होता. ताटात जास्त असूनही हाडे मऊ राहू शकतात, हे महाराष्ट्रातल्याच एका गावाने दाखवून दिले.

मात्र उन्हाने अर्धेच काम होते. अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याचे रूप बदलते, आणि त्यानंतर ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. अन्नात कॅल्शियमच नसेल, तर गवंडी हजर आणि विटा गायब अशी अवस्था होते. नायजेरियातील मुलांवरचा 1999 सालचा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. तिथे मुडदुसावर नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियमचा गुण जास्त आला. 2016 च्या जागतिक तज्ज्ञ-सहमतीनेही हेच अधोरेखित केले. एक वर्षावरील मुलाच्या पोटात रोज 300 मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम गेले, तर ड जीवनसत्त्वाची पातळी कशीही असली तरी मुडदुसाचा धोका वाढतो.

पुण्यातल्या संशोधनाने ही गोष्ट आणखी मागे, गर्भारपणापर्यंत नेली. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-पोषण अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. ज्या आयांच्या गर्भारपणातल्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत सहाव्या वर्षी अधिक खनिज आढळले. पुण्यातच वंचित वस्त्यांतील लहानग्यांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन चाचणी झाली. लाडवासारखा घरगुती पदार्थ वैद्यकीय चाचणीत बसतो, ही गोष्ट आपल्याला धीर देणारी आहे.

आता आपल्या डहाणू-तलासरी भागाकडे पाहू. नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सुकट आणि लहान मासे काट्यासकट खाल्ले जातात, म्हणून तेही कॅल्शियमचा चांगला स्रोत आहेत. पण भाताने नागलीला मागे सारले, वीटभट्टीवर स्थलांतर झाले, आश्रमशाळेत ठरावीक जेवण मिळू लागले, तर मुलाच्या ताटात काय उरते? हे घरोघर विचारून पाहावे लागेल. 2016–18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ड जीवनसत्त्वाची कमतरता एक ते चार वर्षांच्या मुलांत 14 टक्के, तर दहा ते एकोणीस वयोगटात 24 टक्के आढळली. देशाच्या सरासरीत डहाणूची मुले दिसत नाहीत. ती वेगळी मोजावी लागतील.

मोजतानाही सावध राहावे. डेक्सा यंत्र हाडाची घनता सपाट चित्रावरून काढते. त्यामुळे बुटक्या, बारीक मुलाचे निरोगी हाडही विरळ भासते. कुपोषण जास्त असलेल्या भागात उंची-वजनाचा हिशेब न धरता काढलेला निष्कर्ष मुलावर अन्याय करतो.

म्हणून या क्षेत्रात डॉक्टरांइतकेच अंगणवाडी सेविका, आशाताई आणि आश्रमशाळेतले शिक्षक यांचे स्वागत आहे. रुंद झालेले मनगट, उशिरा चालू लागलेले बाळ, वाकलेले पाय प्रथम त्यांच्याच नजरेला पडतात. मुलाची उंची अचूक घ्या, तो काय खातो आणि दिवसाचा किती वेळ उघड्यावर असतो ते लिहून ठेवा, आणि शंका आली की त्याला वेळेत रुग्णालयात पोचवा. मुडदूस लवकर ओळखला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पुढची पाने वाचताना हे सदैव ध्यानात असावे.