हजेरीचं रजिस्टर आणि चौथा कॅमेरा

इतिहासाकडे वळण्याआधी मी इंदूरच्या बाजारात सीसीटीव्हीची कामं घेत असे. राजवाड्याजवळच्या एका कापडाच्या दुकानात मी तीन कॅमेरे सुचवले होते: गल्ला, दार आणि गोडाऊन. मालक म्हणाले, “साहेब, चौथा इथे पाहिजेच. पारधी बायका इथेच येऊन उभ्या राहतात.” मी मान डोलावली आणि ड्रॉइंगवर लिहिलं, ‘कॅमेरा ४: पारधी.’

त्या बायका पारधी आहेत हे त्यांना कसं कळत होतं, असं मी विचारलंच नाही. घागरा, काखेत पोर आणि उन्हात रापलेला चेहरा एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांच्या लेखी गाडिया लोहारांची बाईही पारधीच.

पुढे जुने कायदे वाचायला लागलो तेव्हा हे ड्रॉइंग आठवलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अख्खी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करता येत असे. एकदा अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेला कोर्टात आव्हान देता येत नसे. मग रजिस्टरमध्ये नाव, ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायला पास. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडला तर वॉरंटविना अटक. त्या माणसानं चोरी केली होती का, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही. १९११ साली कायदा देशभर लागू करता येईल असा झाला. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. तारेच्या कुंपणातली माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरीला परत यायची.

आपल्याकडे होळकरांचं राज्य होतं, तेव्हा ब्रिटिशांचा कायदा आपोआप चालत नव्हता. पण १८१८च्या मंदसोर तहानंतर रेसिडेन्सी इंदुरातच बसली, आणि ठगी-डकैती खात्याचं काम १८६३नंतर मुख्यतः संस्थानांतच उरलं. माळव्यातल्या मोघियांवर या खात्याची नजर असे. १९०४ मध्ये खातं बंद झालं. पद्धत मात्र मुरली होती: आधी जमात बघायची, माणूस नंतर. स्लीमनने तर ठगांच्या वंशावळी तयार केल्या होत्या. इंजिनियर म्हणून मला त्या कामातली शिस्त आवडते, हे कबूल करतो, आणि ते कबूल करताना संकोचही वाटतो.

या लोकांचे धंदे कुठे गेले, हेही पाहायला हवं. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहत. तुकोजीराव दुसऱ्यांनी एक कोटीचं कर्ज देऊन खांडव्याहून रेल्वे आणवली. इंदूरचं भलं झालं, खरंच झालं, पण बैलाच्या पाठीवरचा माल गाडीत गेला. पारध्यांची शिकार आधी जंगल कायद्यांनी आवळली आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती गुन्हाच ठरली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. लगेच राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले आणि पोलिसांच्या याद्यांत त्याच वस्त्या राहिल्या. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं तेव्हा आम्ही इंदूरच्या मराठी घरांतून ते कौतुकानं वाचलं. वाचून झाल्यावर बाजारात गेलो आणि लमाणी बाई शेजारी आली तर पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मीही घेतली आहे.

अमेरिकेत काळं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की रखवालदार मागे फिरतो. तिथे त्याला ‘शॉपिंग व्हाइल ब्लॅक’ म्हणतात. आपल्याकडे याला नावही नाही.

सहा महिन्यांनी त्या दुकानाची हार्डडिस्क बदलायला गेलो. तपासणीसाठी चौथ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पळवत पाहिलं. एक बाई पोराला घेऊन छापील कापडाच्या गठ्ठ्यापाशी उभी होती. सेल्समन तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं एका ताग्याकडे बोट दाखवलं, त्यानं तो उचलून मागच्या फळीवर ठेवला. बाजूला दुसऱ्या एका बाईंसमोर पाच तागे उलगडलेले होते. पहिली बाई थोडा वेळ थांबली, कमरेच्या बटव्यातून नोटा काढून मोजल्या, परत आत ठेवल्या आणि निघून गेली. घड्याळात चार मिनिटं.

मालक मागून म्हणाले, “चित्र स्वच्छ येतंय ना?” मी हो म्हणालो आणि बिल दिलं. ते ड्रॉइंग अजून माझ्या फायलीत आहे, खाली माझी सही.