कमवा व शिका

कमवा व शिका : शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने पैशाऐवजी श्रमाने फेडण्याची पद्धत. विद्यार्थी शिकत असतानाच संस्थेच्या शेतात, स्वयंपाकघरात, कार्यशाळेत, ग्रंथालयात किंवा कार्यालयात ठरलेले तास काम करतो आणि त्या बदल्यात फी, निवास किंवा जेवण यांचा भार संस्था पूर्णतः वा अंशतः उचलते. पोराच्या शिक्षणापायी घरची जमीन गहाण पडू नये आणि पदवीच्या कागदाबरोबर कर्जाचा बोजा त्याच्या डोक्यावर येऊ नये, हा या पद्धतीचा उघड हेतू. शिकणाऱ्याने कुणाचे मिंधे राहू नये, हा तिचा अधिक खोलवरचा हेतू होय. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने ही पद्धत रुजवली. अमेरिकेत केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज आणि त्याच वाटेने गेलेली काही श्रम-महाविद्यालये हे तिचे सर्वांत टिकाऊ रूप.

पूर्वपीठिका

पैसा नसलेल्या विद्यार्थ्याने शिकायचे कसे, याला जुन्या महाराष्ट्राने दिलेले उत्तर म्हणजे माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे आणि उरलेल्या वेळात विद्या करायची. या सोयीने अनेकांचे शिक्षण झाले; पण ती जातीच्या चौकटीत बसणाऱ्यांपुरतीच होती. कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या मुलाला असा वार मिळणे शक्य नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रोत्साहन दिले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली.

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतर हाच प्रश्न कृष्णवर्णीयांपुढे होता. बुकर टी. वॉशिंग्टन हे हॅम्प्टन येथील संस्थेत झाडलोटीचे काम करून शिकले. १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे त्यांनी संस्था सुरू केली, तेव्हा तिच्या इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथ्या भट्टीसाठी हाती पैसा उरला नव्हता, म्हणून वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण टाकले. ती भट्टी साधली आणि वीटकाम हा संस्थेचा उद्योगच बनला.

रयत शिक्षण संस्था

भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. सत्यशोधक विचारांचे संस्कार आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करताना झालेली खेड्यापाड्यांतली भटकंती यांतून, शेतकऱ्याच्या घरात अक्षर पोचल्याशिवाय काही बदलणार नाही, ही त्यांची खात्री झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ते साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

या बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, दळण, सरपण, स्वयंपाक, खरकटे काढणे ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. ज्या काळात गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळात येथे मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एका चुलीवर भाकऱ्या थापत आणि एका पंगतीला बसत. धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकेक करून विकले जात. अखेर मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ‘रयत’चा इतिहास सांगताना मंगळसूत्राचा हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा. मुलांच्या श्रमाला कुणाच्या तरी त्यागाची जोड होती, हे त्यातून कळते.

बोर्डिंगातली ही रीत पुढे शाळा-कॉलेजांत आली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत निवासी विद्यालय निघाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच होते : ज्याच्याकडे पैसा नाही त्याने घाम द्यावा आणि शिकावे. शेती, बांधकाम, रस्ते, खडी फोडणे अशी कामे विद्यार्थी करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह याच अनुभवातून अर्थपूर्ण झाले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे शाहू बोर्डिंगात राबून शिकले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शेकडो माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालये असा संस्थेचा आजचा विस्तार आहे.

अमेरिकेतील श्रम-महाविद्यालये

गुलामगिरीचे कडवे विरोधक जॉन जी. फी यांनी १८५५ मध्ये केंटकीत बेरियाची शाळा काढली. काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी एकत्र शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. १९०४ मध्ये केंटकीने अशा एकत्र शिक्षणावर कायद्याने बंदी घातली. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर बेरियाची दारे कृष्णवर्णीयांना पुन्हा खुली झाली.

बेरियात १८९२ पासून शिकवणी शुल्क आकारले जात नाही. प्रवेश मिळतो तो हुशार पण बेताच्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्यांना. त्यांतले बहुतेक अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातले असतात. प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते. कामाचा तासाप्रमाणे मोबदला मिळतो आणि त्यातून जेवण, पुस्तके, वरखर्च भागतो. निवास-भोजनाचा खर्च कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे आकारला जातो. कामावर देखरेख करणारा अधिकारी वर्गातल्या शिक्षकाप्रमाणेच विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन करतो.

बेरियाची केरसुणी प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी लागणारे ‘ब्रूमकॉर्न’ ही ज्वारीचीच एक जात आहे. तिची कणसे खाण्यासाठी नव्हे, तर त्यांतल्या लांब, चिवट काड्यांसाठी वाढवतात. काड्या पाण्याने मऊ करायच्या, दांड्याभोवती थरावर थर बसवत तारेने किंवा दोरीने आवळायच्या, मग चापात धरून चपट्या करायच्या आणि जाड दोऱ्याने शिवायच्या. आवळ सैल पडली तर पहिल्याच झाडलोटीत काड्या गळतात. सकाळी रसायनशास्त्राच्या वर्गात बसलेली मुलगी दुपारी हे काम करते. हातमाग, लाकूडकाम, कॉलेजचे १९०९ पासूनचे बून टॅव्हर्न हॉटेल, ग्रंथालय, संगणक विभाग अशी इतर कामेही असतात.

मिझुरीतील कॉलेज ऑफ दि ओझार्क्स (स्थापना १९०६) आठवड्याला १५ तास काम घेते. १९७३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याला ‘हार्ड वर्क यू’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. इलिनॉयमधील ब्लॅकबर्न कॉलेजात १९१३ पासून श्रमयोजना असून तिचे व्यवस्थापन विद्यार्थीच पाहतात. कॅलिफोर्नियातील डीप स्प्रिंग्ज (१९१७) हे जेमतेम दोन-अडीच डझन विद्यार्थ्यांचे दोन वर्षांचे कॉलेज. तेथे गाईंच्या धारा काढणे, लसूणघासाला पाणी देणे, गुरे राखणे हा शिक्षणाचाच भाग मानतात. डॅलसमधील पॉल क्विन कॉलेजाने फुटबॉलच्या मैदानावर शेती सुरू केली आणि २०१७ मध्ये शहरी श्रम-महाविद्यालय म्हणून मान्यता मिळवली. अमेरिकेतील शैक्षणिक कर्जांची थकबाकी दीड लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. या मूठभर संस्थांकडे लोक आशेने पाहतात ते यामुळेच.

खर्चाचा हिशेब

‘काम करा, फी माफ’ एवढ्यावर या पद्धतीचे अर्थकारण संपत नाही. आठवड्याला १० तास आणि वर्षाला ३० आठवडे धरले, तर विद्यार्थ्याचे ३०० तास होतात. एवढ्या श्रमाच्या मोलात प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा आणि इमारती यांचा खर्च निघत नाही. बेरियाचा भार मुख्यतः एक अब्ज डॉलरहून मोठ्या ठेवीचे उत्पन्न, देणग्या आणि सरकारी अनुदाने यांवर आहे. २०१७ मध्ये अमेरिकेने श्रीमंत विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावर कर लावला, तेव्हा गरिबांना मोफत शिकवणारे बेरियाही त्या जाळ्यात सापडण्याची वेळ आली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि फी भरणारे ५०० हून कमी विद्यार्थी असलेल्या संस्था त्यातून सुटल्या. साताऱ्यात ठेवीच्या जागी होते ते लोकांनी घरोघरून दिलेले मूठमूठ धान्य, जमिनी, वर्गण्या आणि लक्ष्मीबाईंचे दागिने. श्रमाने खर्चाचा एक वाटा निघतो. उरलेला वाटा समाजाला उचलावा लागतो. मात्र राबणाऱ्या मुलासाठी तो उचलताना देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

जवळची रूपे

आधी शिक्षण आणि मग सेवा, असाही सौदा असतो. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. परतल्यावर जातीपायी त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. करार विद्यार्थ्याने पाळायचा, तर त्याला काम करू देण्याची जबाबदारी समाजाची असते, हे या प्रसंगातून दिसते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांनाही शिक्षणाच्या बदल्यात सैन्यदलात सेवा करावी लागते.

अमेरिकेत उच्च शिक्षणाला जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरात ‘असिस्टंटशिप मिळाली का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. अध्यापन किंवा संशोधनात प्राध्यापकाला साहाय्य करायचे आणि त्या बदल्यात फी माफ होऊन वर मानधन मिळायचे, ही कमवा व शिकाचीच विद्यापीठीय आवृत्ती आहे.

आक्षेप

हाताच्या कामावर भर देताना बुद्धीच्या शिक्षणाला कात्री लागते, हा या विचारावरील सर्वांत जुना आक्षेप. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टन यांच्या धोरणावर हीच टीका केली : पददलितांना कारागीर करून थांबणे म्हणजे त्यांना पुढारपणापासून दूर ठेवणे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या ‘नई तालीम’ या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या योजनेवरही, शाळेचा कारखाना होईल, अशी शंका घेतली गेली. कामाचे तास वाढले की अभ्यास, झोप आणि खेळ मागे पडतात, हा आक्षेपही खरा आहे. म्हणूनच टिकलेल्या संस्थांनी कामाच्या तासांना मर्यादा घातली.

आजची स्थिती

महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत कमवा व शिका योजना चालू आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. बाग, ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा येथे ठरलेले तास काम केले की तासाप्रमाणे मानधन मिळते. खेड्यातून आलेल्या मुलामुलीची मेस त्यातून निघते आणि तेवढ्यावर एखाद्याचे शिक्षण तुटता तुटता वाचते. मानधन तुटपुंजे असणे आणि ते वेळेवर हाती न पडणे या तक्रारी मात्र जुन्याच आहेत.

मूळ कल्पनेपासून झालेला मोठा बदल वेगळाच आहे. शाहू बोर्डिंगात काम सगळ्यांना होते. बेरियात, डीप स्प्रिंग्जमध्ये आजही सगळ्यांना आहे. म्हणून तेथे झाडू हातात असलेला विद्यार्थी कोण, हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे काम उरले आहे ते फक्त गरजूंना. झाडांना पाणी घालणारी मुलगी ‘कमवा-शिकातली’ म्हणून ओळखली जाते आणि शेजारून जाणाऱ्या वर्गमित्राची नजर तिला टोचते. मानधन वाढवणे हे कर्तव्य आहेच. पण या पद्धतीचे सत्त्व परत आणायचे तर आठवड्यातले दोन तास का होईना, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात श्रमाचे असावे लागतील. भाऊरावांच्या बोर्डिंगात चुलीजवळ बसायची पाळी कुणालाच चुकत नव्हती.