बैलाशिवायची भाजी

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत एक भाजी शिजते. मसाला जवळजवळ नाहीच. अळू, लाल माठ, सुरण, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, वरून ओलं खोबरं. आंबटपणाला आंबाडे किंवा चिंच, कारण अळू-सुरणातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात.

या दिवसाचा नियम एकच: बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगरटीचं धान्य बाद. उरतं काय? घरामागे कुदळीने, खुरप्याने लावलेलं. मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे अळू, कुंपणावर शिराळं, मांडवावर पडवळ. ही भाजी म्हणजे भाद्रपदातल्या परसाची यादीच आहे. आणि तशी यादी दुसरीकडे सापडणं कठीण. सातबाऱ्यावर शेतातलं पीक चढतं. परसातल्या पडवळाची नोंद कोण करणार?

ही यादी प्राचीन म्हणून सांगितली जाते. ती तशी नाही, आणि मला तर म्हणूनच ती आवडते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकातला. त्यात खाण्यापिण्याचं भरभरून वर्णन आहे, पण मिरची नाही, तिखटपणा मिऱ्यांचा. मिरची, मका आणि लाल भोपळा तिघेही मूळचे अमेरिकेतले. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कोझिकोडला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतर कधीतरी ही मंडळी आपल्या परसात शिरली आणि ऋषींच्या पानातही जाऊन बसली. कुणी सोवळं-ओवळं काढलं नाही.

सोवळं काढलं ते बायकांपुढे. हे व्रत मासिक पाळीत नकळत लागलेल्या ‘दोषा’चं प्रायश्चित्त म्हणून सांगितलं गेलं. परसात बी पेरणारी, तण उपटणारी, मोरीचं पाणी वळवणारी बहुतेक घरांत तीच. त्या दिवशी बैलाच्या कष्टांची आठवण ठेवली जाते, तिच्या कष्टांचंच खाल्लं जातं आणि वर माफीही तिनेच मागायची. भाजी ठेवून ही कथा खुशाल सोडून देता येते; कित्येक घरांनी ती सोडलीही आहे.

आता शहरात परस नाही. बाजारात ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. त्यातलं निम्मं ट्रॅक्टरने नांगरलेल्या रानातलं असेल, म्हणजे अक्षरशः बैलाशिवायचंच! अळू मात्र गॅलरीतही येतं. बाजारातली मोड आलेली अळकुडी ज्येष्ठात जुन्या बादलीत पुरा, माती ओली ठेवा. भाद्रपदापर्यंत चार पानं निघतात.