अर्जावरचा अंगठा

आपल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा कोणी काढली, वसतिगृह कोणी बांधले, पहिला पदवीधर कोण झाला, याच्या नोंदी करतो. त्या केल्याच पाहिजेत. पण पोराला महाविद्यालयात घालण्यासाठी जो अर्ज लागतो तो आपल्या घरांत कोणी भरला, त्याला जोडायचे कागद कोणी गोळा केले, शेवटच्या तारखेच्या आत फीचे पैसे कुठून उभे राहिले, ही हकीकत आपल्या इतिहासात कुठेच येत नाही. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या वकिली नि प्राध्यापकी चालत आली आहे त्यांना हा प्रश्नच पडायचा नाही. त्यांच्या मुलाचा अर्ज जेवता जेवता भरून होतो. आमच्या मुलाच्या अर्जाला सगळी वस्ती लागते. मी निवृत्त मास्तर. वस्तीतल्या विहारात बसून गेली कित्येक वर्षे मुलांचे प्रवेश-अर्ज भरून देतो. तिथे जे दिसले आणि जुन्या कागदांत जे वाचले, ते एका जागी मांडतो आहे.

हा इतिहास एका फेटाळलेल्या अर्जापासून सुरू होतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत घ्यावे म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज झाला. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात या प्रकरणाचे उतारे आहेत. मुंबई सरकारने काय केले? न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे कबूल केले आणि प्रवेश नाकारला. एका मुलासाठी आग्रह धरला तर बाकीच्या सगळ्या लोकांसाठी शाळा निरुपयोगी होईल, हे कारण. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने कळवले की, बंगाल इलाख्यातल्या सरकारी शाळेत या मुलाला असा नकार मिळाला नसता. एप्रिल १८५८ मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी तत्त्व घालून दिले की, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागद धारवाडहून मुंबईला, मुंबईहून कलकत्त्याला आणि तिथून लंडनला गेला. मधल्या काळात, जुलै १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठसुद्धा स्थापन झाले. मुलगा दोन वर्षांनी मोठा झाला होता. तत्त्व मंजूर आणि प्रवेश नामंजूर, ही रीत आपल्या प्रशासनाला तेव्हापासून अवगत आहे.

त्या उताऱ्यात तो नुसता ‘महार मुलगा’ आहे. त्याच्यामागे उभे राहिलेले घरचे माणूस त्यात दिसत नाही. ते माणूस आपल्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसते ते सुभेदार रामजी सकपाळांच्या रूपाने. सुभेदार स्वतः लष्करी शाळेत हेडमास्तर होते. अक्षराची किंमत त्यांना ठाऊक होती, पण महाविद्यालयाची वाट त्यांच्या पायाखालची नव्हती. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी साताऱ्याहून मुंबईला बिऱ्हाड हलवले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत स्वतः रात्रीची झोप मोडून ते पहाटे दोनला भीमरावाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत देत. हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. या हकिकतीत लेकींचा वाटा किती मोठा आहे हे आपण सहसा मोजत नाही. बापाने मागितले आणि त्यांनी अंगावरचे काढून दिले. सासरी त्याचा काय जाब द्यावा लागला असेल तो त्यांनीच दिला.

मुलाने संस्कृत शिकावे ही सुभेदारांची इच्छा. शाळेने ती चालू दिली नाही, पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे अर्जावर विषयाचा रकाना होता, पण तो भरण्याचा हक्क विद्यार्थ्याच्या घराला नव्हता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे काय, या प्रश्नापाशी सुभेदारांची शक्ती संपत आली होती. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी उभे राहिले. त्यांनी या मुलाला सयाजीराव महाराजांपर्यंत नेले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळून एल्फिन्स्टन कॉलेजमधले शिक्षण पुढे चालू राहिले. केळुसकर हे आपल्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते. पण कुठे, कोणाला आणि केव्हा भेटायचे याची माहिती त्यांना होती. शिकलेल्या घरात ही माहिती वारसाहक्काने मिळते. आपल्याला ती कोणीतरी आणून द्यावी लागते.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे संस्थानाशी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले. न्यूयॉर्कला पोचल्यावर त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप फक्त जन्म देतात, कर्म मात्र ज्याचे त्याचे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे, मुलांचे भवितव्य घडवणे आईबापांच्या हाती आहे, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांच्या पोरक्या तरुणाने परदेशात पाय ठेवताच लिहिलेली ही गोष्ट कर्मविपाकाच्या सबंध तत्त्वज्ञानाला नकार देणारी आहे. पालकत्वावर आपल्याकडे एवढे मूलगामी विधान दुसरे झाले असेल असे मला वाटत नाही.

पुढे त्यांनी स्वतः जे उभारले त्यात केळुसकरांचे काम व्यवस्थेने करावे अशी योजना आहे. १९२५ साली सोलापूरला वसतिगृह. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, १९४४ पासून, मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींना शिष्यवृत्ती. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद झाले. मराठवाड्यातल्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात येणाऱ्या पोराच्या बापाला अर्ज वाचता येत नसे. तो सांगितलेल्या जागी अंगठा उठवी आणि परतीच्या गाडीचे भाडे राखून उरलेले पोराच्या हातावर ठेवी. त्या अंगठ्याला मी निरक्षरतेची खूण मानायला तयार नाही. आपल्याला न कळणाऱ्या जगात मूल पाठवण्याची ती लेखी संमती होती.

यानंतरचा भाग अवघड आहे आणि त्यावर आपण फारसे बोलत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. पुढच्या जूनमध्ये अर्ज भरताना धर्माच्या आणि जातीच्या रकान्यात काय लिहायचे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, शिखांचा अपवाद सोडला तर, हिंदू नसलेला मनुष्य अनुसूचित जातीचा धरला जात नव्हता. ‘बौद्ध’ लिहावे तर सवलत जाते. ‘हिंदू महार’ लिहावे तर नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञेचे काय? महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा, १९६० साली, नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या. केंद्राने मात्र कायदा बदलला तो १९९० मध्ये. चौतीस वर्षे हा रकाना आपल्या घरांत भांडण लावीत राहिला. एकाच घरात थोरला कागदावर हिंदू महार आणि धाकटा बौद्ध, असेही घडले. माझ्यासमोर एका बापाने अर्ज धरून विचारले होते, “गुरुजी, खरं लिहू का कामाचं लिहू?” आपल्यातल्या काही विचारवंतांनी ‘हिंदू महार’ लिहिणाऱ्यांची लेखांतून, भाषणांतून यथेच्छ हेटाळणी केली. मला ती मान्य नाही. सतरा वर्षांच्या पोराचे वर्ष आणि बापाची निष्ठा यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा रकाना ज्यांनी छापला, जाब त्यांना विचारायचा.

रकान्याचा प्रश्न मिटला तर पुराव्याचा उभा राहिला. जात पडताळणीचा महाराष्ट्राचा कायदा २००० सालचा. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा बळकावणाऱ्यांना आळा बसावा हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात कागदाने दाखवावी लागते. पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणतात. ज्या माणसाला शाळेत घेतलेच नाही त्याचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? मग तहसीलला जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढायची. जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदीत नावापुढे जात लिहिलेली सापडते. गावाने जी जात आपल्याला अपमान म्हणून चिकटवली, तिचाच शिक्का आज नातीच्या प्रवेशाला पुरावा म्हणून शोधावा लागतो. नाव ‘धोंड्या’ असते, दाखल्यावर ‘धोंडिबा’ असते, आणि या एका अक्षराच्या फरकापायी प्रतिज्ञापत्र करावे लागते. म्हणून मी पालकांना सांगतो की विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलाची पडताळणी अकरावीतच सुरू करा, आणि घरात चुलत्याची, आत्याची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत पहिल्यांदा मागून घ्या. रक्ताच्या नात्यातला हा एक कागद अनेक हेलपाटे वाचवतो.

आता अर्ज कागदावर राहिलेला नाही. शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर, अभियांत्रिकी-वैद्यकीचे प्रवेश सामायिक परीक्षेनंतरच्या फेऱ्यांत, केंद्रीय विद्यापीठांची पदवीसाठीची सामायिक परीक्षा २०२२ पासून. खिडकीवरचा कारकून अपमान करी, पण त्याच्याशी भांडता येई. पोर्टल पाच वाजता बंद होते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरायचे होते. गोळा होईपर्यंत मुदतीची शेवटची मिनिटे आली, पैसे भरून व्हायच्या आत पोर्टल बंद झाले आणि जागा गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून ती परत दिली. धारवाडच्या मुलापेक्षा हा मुलगा नशीबवान. त्याचा निकाल तीन महिन्यांत लागला. पण ज्यांचे बाप दिल्लीपर्यंत पोचले नाहीत त्यांची मोजदाद कोण करणार? गुणवत्तेची चर्चा करणारे लोक परीक्षेतले गुण मोजतात. पाचच्या आत १७,५०० रुपये घरात असणे हाही त्या गुणवत्तेचाच भाग असतो, हे त्यांच्या हिशेबात धरलेले नाही.

विहारात येणाऱ्या मुलांत एक गोष्ट नेहमी दिसते. पोरगा मोबाइलवर सगळे स्वतः भरतो आणि बापाला म्हणतो, “तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला नाय कळायचं.” मी बापाला आत बोलावून शेजारी बसवतो. उत्पन्नाचा दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालतो, बँकखात्याला आधार जोडलेले आहे की नाही, जमिनीच्या कागदावर नाव कसे आहे, हे त्यालाच विचारावे लागते, आणि बहुधा त्याला ते बरोबर माहीत असते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर गेले तर फीमाफीचा वेगळा अर्ज, हे एकदा समजावले की तो विसरत नाही. शाखा मात्र मुलाला निवडू द्यावी, तिथे मी बापाला थांबवतो. एका धुणीभांडी करणाऱ्या ताई मुलीला घेऊन आल्या होत्या; अक्षरओळख नाही, पण पिशवीतला प्रत्येक कागद शिक्क्याच्या आकारावरून ओळखत होत्या. मुलीला इतिहास घ्यायचा होता, नातेवाईक नर्सिंग म्हणत होते. ताई म्हणाल्या, “तिला इचारा, कागुद माझ्याकडं हायेत.”

निकालानंतरच्या दीड महिन्यात या कामाला दोन माणसे लागतात. एक कागद वाचून तपासणारा, दुसरा पोर्टलवर बसणारा. पहिल्याच्या जागी मी बसतो. दुसरा दरवर्षी शोधावा लागतो, आणि आमच्या वस्तीत आज चाळीसएक पदवीधर आहेत.