वजन किती उतरलं?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला गेलो होतो. सर्जनने रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "सहा महिन्यांत वजन किती उतरलं? जेवण किती जातं?" उत्तर ऐकून त्यांनी तारीख दहा दिवस पुढे ढकलली. तोवर अंडी, दूध, डाळ, प्रोटीनची पावडर. भाऊ वैतागला. मी मात्र १९७३ च्या नांदेडात पोचलो होतो.

दुष्काळ होता. खडी फोडायच्या कामांवर सुकडी वाटायचे. (खाल्लेल्यांना तिची चव अजून आठवत असेल!) आमच्या नानांना पोटात अल्सर. खाल्लं की दुखायचं, म्हणून त्यांनी खाणंच तोडलेलं. धोतर कमरेवर ठरत नव्हतं. तशातच ऑपरेशन झालं. पुढे आत्याने पथ्य सांगितलं: डाळीने टाक्यांत पू होतो, अंडं उष्ण, दुधाने कफ होतो. साबुदाण्याची पेज तेवढी चालेल. मी नुकताच बी.ए. झालेला, पण मलाही ते पटलं. पेज मीच भरवायचो. जखम भरलीच नाही. तेविसाव्या दिवशी नाना गेले.

भावाच्या निमित्ताने आता वाचत बसलो. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने १९३६ सालीच अल्सरच्या ४६ रोग्यांचा हिशोब मांडला होता. ऑपरेशनआधी वजन एक पंचमांशाहून जास्त घटलेले १८ होते, त्यातले ६ दगावले. उरलेल्या २८ पैकी फक्त १. नवं यंत्र नाही की औषध नाही, नुसता वजनकाटा! जखम भरायला प्रथिनं लागतात. पोटातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून पुरवतं, आणि नानांच्या अंगावर मोडायला उरलं होतं काय?

अमेरिकेतही हे लवकर रुजलं नाही. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ यांना लिहावं लागलं की तिथल्या इस्पितळांतच रोगी कुपोषित होतात आणि अनेकांचं उंची-वजनही कुणी नोंदवत नाही. मग आमच्या आत्याला तरी काय बोलायचं? नाना नक्की वाचले असते, असंही मी म्हणत नाही. पण पेजेची ती वाटी डोळ्यांपुढून हलत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी भावजयीने डबा उघडला. मऊ भात, मुगाचं वरण. ती जरा बिचकत म्हणाली, "भाऊजी, डाळ चालेल ना?"

वरण मीच वाढलं.